घरच्या ऑर्किडचे खतपाणी : घोडबंदर रस्त्यावरील एका बाल्कनीच्या प्रकल्प नोंदी

९ फेब्रुवारी २०२५

मानपाड्याजवळच्या आमच्या इमारतीत, पूर्वेकडे तोंड असलेल्या बाल्कनीत ऑर्किड ठेवून आता काही वर्षे झाली आहेत. त्यांत फॅलेनॉप्सिस आहेत, थायलंडमधून येणारी संकरित डेंड्रोबियम आहेत, जाळीला टांगलेल्या व्हँडा आहेत, आणि एका अभ्यासकाने बियांपासून वाढवून दिलेले सह्याद्रीतील डेंड्रोबियम बार्बॅट्युलम हे एक रोप आहे. सकाळचे ऊन साडेदहापर्यंत येते, पुढे हिरवी शेडनेट आहे आणि खाडीकडून वारा मिळतो. ऊन, वारा आणि ओलावा यांची घडी नीट बसली आहे. खताच्या बाबतीत मात्र ज्याला विचारावे तो वेगळे प्रमाण सांगतो. एकाच रस्त्यावरच्या दोन रोपवाटिकांत एक जण लिटरला एक चमचा सांगतो, तर दुसरा ऑर्किडला खत लागतच नाही असे म्हणतो. म्हणून या वर्षी प्रत्येक वेळी कोणते पाणी वापरले, त्यात कोणते क्षार किती ग्रॅम घातले आणि मुळांवर व पानांवर काय दिसले, हे लिहून ठेवायचे ठरवले आहे. खताचे प्रमाण पाणी, मुळे आणि ऋतू पाहून ठरते, पाकिटावरच्या फुलाच्या चित्रावरून ठरत नाही, असे माझे मत आहे. ते कितपत टिकते हे या नोंदींवरून तपासता येईल.

१६ फेब्रुवारी २०२५

सुरुवात पाण्यापासून केली. ठाणे शहराला मिळणारे पाणी मुख्यतः भातसा आणि उल्हास या नद्यांचे आहे, म्हणजे ते पृष्ठभागावरचे, पावसाने भरणारे पाणी असते आणि त्यात विरघळलेले क्षार कमी असतात. आमच्या नळाच्या पाण्यात टीडीएस मीटर, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देणारे उपकरण, ८० ते १०० च्या दरम्यान आकडा दाखवतो. ऑर्किडसाठी हे उत्तम पाणी आहे. ते ज्यांना मिळते त्यांनी ऑर्किडसाठी शुद्धीकरण यंत्राच्या पाण्यावर खर्च करण्याची गरज नाही.

याच यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी बादलीत साठवून झाडांना घालण्याची पद्धत आमच्या सोसायटीत रूढ आहे. पाणी वाया जाऊ नये हा त्यामागचा विचार चांगला आहे आणि मोठ्या कुंडीतील जास्वंद किंवा कढीपत्ता ते पाणी सहन करतो. मात्र गाळलेल्या पाण्यातले क्षार या टाकाऊ पाण्यात एकवटलेले असतात. ऑर्किडच्या मुळांभोवती क्षार शोषून घेणारी किंवा सौम्य करणारी माती नसते, त्यामुळे जे पाण्यात असेल ते थेट मुळाच्या आवरणावर बसते. कोळशावर आणि कुंडीच्या काठावर दिसणारी पांढरी खरवड ही त्याचीच खूण असते. ऑर्किडसाठी हे पाणी वापरायचे नाही, हा या प्रकल्पाचा पहिला नियम राहील.

२ मार्च २०२५

कल्याणच्या बाजार समितीजवळील एका कृषी सेवा केंद्रातून विद्राव्य खते आणली. द्राक्ष आणि भाजीपाल्याचे शेतकरी ठिबकमधून जी खते देतात तीच ही आहेत. रोपवाटिकांत ‘ऑर्किडचे खास खत’ म्हणून लहान पाकिटात मिळणाऱ्या मालापेक्षा ती बरीच स्वस्त पडतात आणि पिशवीवर घटकांचे प्रमाण स्पष्ट छापलेले असते. एकोणीस-एकोणीस-एकोणीस, तेरा-शून्य-पंचेचाळीस, शून्य-बावन्न-चौतीस, कॅल्शियम नायट्रेट आणि मॅग्नेशियम सल्फेट एवढ्या पाच पिशव्या पुरेशा आहेत.

या आकड्यांचा हिशेब एकदा नीट समजून घेतला की पुढची गोंधळाची निम्मी कारणे दूर होतात. पहिला आकडा नत्राची (नायट्रोजनची) टक्केवारी दाखवतो. एका लिटर पाण्यात जितके ग्रॅम खत घातले त्या संख्येला नत्राच्या टक्केवारीने आणि मग दहाने गुणले की पाण्यातील नत्र पीपीएममध्ये, म्हणजे लिटरला मिलिग्रॅममध्ये, मिळते. १९:१९:१९ हे खत लिटरला अर्धा ग्रॅम घातले तर ९५ पीपीएम नत्र मिळते. चमचाभर खत साधारण पाच ग्रॅम भरते. लिटरला एक चमचा या सल्ल्याने तेच नत्र ९५० पीपीएम होते. वाढीला लागलेल्या ऑर्किडला आठवड्यातून एकदा १०० पीपीएमच्या आसपास नत्र पुरते, हे लक्षात घेतले तर त्या सल्ल्यातला धोका आकड्यातच दिसतो.

दुसरा आणि तिसरा आकडा मात्र सरळ स्फुरदाचा (फॉस्फरस) आणि पालाशचा (पोटॅशियम) नसतो. जुन्या रासायनिक पद्धतीनुसार ते ऑक्साइडच्या रूपात लिहिले जातात. प्रत्यक्ष स्फुरद छापलेल्या आकड्याच्या सुमारे ४४ टक्के आणि प्रत्यक्ष पालाश सुमारे ८३ टक्के असतो. तीन आकडे सारखे दिसले तरी झाडापर्यंत ते घटक समान पोहोचत नाहीत.

९ मार्च २०२५

आमच्या सोसायटीत रसायनशास्त्राचे एक निवृत्त शिक्षक राहतात. त्यांना सगळेच सर म्हणतात. त्यांच्याबरोबर बसून वीस लिटरच्या बादलीचे प्रमाण ठरवले. बादलीत कॅल्शियम नायट्रेट ८ ग्रॅम, तेरा-शून्य-पंचेचाळीस ३ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ४ ग्रॅम आणि शून्य-बावन्न-चौतीस १ ग्रॅम घालायचे आहे. यातून साधारण ८० पीपीएम नत्र, ७० पीपीएम पालाश, ७५ पीपीएम कॅल्शियम, १९ पीपीएम मॅग्नेशियम आणि ११ पीपीएम स्फुरद मिळतो. स्फुरद इतका कमी का, असा प्रश्न कोणीही विचारेल. ऑर्किडच्या पानांत आणि कांड्यांत (जाड, उभ्या खोडांत) स्फुरदाचा वाटा नत्राच्या मानाने अगदी लहान असतो आणि तो जास्त झाला तर लोह व जस्त यांच्या उपलब्धतेत अडथळा येतो, हे त्याचे उत्तर आहे.

ग्रॅम मोजण्यासाठी दागिने तोलतात तसला छोटा डिजिटल काटा घेतला आहे. हे काम चमच्याने होणारे नाही, कारण कॅल्शियम नायट्रेटचे खडे आणि मॅग्नेशियम सल्फेटचे स्फटिक एका चमच्यात सारख्या वजनाचे बसत नाहीत. कॅल्शियम नायट्रेटची पिशवी उघडी राहिली तर हवेतला ओलावा शोषून तिचे पाणी होते, म्हणून ते घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवले.

सरांनी दोन गोष्टी बजावून सांगितल्या. पहिली अशी की कॅल्शियम नायट्रेट हे सल्फेट किंवा फॉस्फेट असलेल्या खताबरोबर थोड्या पाण्यात दाट विरघळवू नये, कारण त्यातून न विरघळणारा पांढरा साका तयार होतो आणि झाडाला द्यायचे घटक बादलीच्या तळाशी राहतात. बादली पूर्ण भरून घ्यावी, एक क्षार विरघळल्यावरच दुसरा घालावा, म्हणजे एवढ्या सौम्य प्रमाणात साका होत नाही. दुसरी गोष्ट मीटरविषयी होती. मीटर पाण्यातील विद्युतभारित कणांमुळे होणारे वहन मोजतो. युरिया पाण्यात विरघळला तरी त्याचे कण भारित होत नाहीत, त्यामुळे १९:१९:१९ सारख्या, ज्यात निम्म्याहून अधिक नत्र युरियाच्या रूपात असते, त्या खताचे पाणी मीटरवर प्रत्यक्षापेक्षा सौम्य दिसते. आमच्या बादलीत युरिया नाही, म्हणून तिचा आकडा भरवशाचा आहे. तो ५०० च्या जवळ येतो.

युरियातील नत्र आधी अमोनियात आणि मग जिवाणूंकडून नायट्रेटमध्ये रूपांतरित व्हावे लागते. कोळसा आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे यांत मातीसारखी जिवाणूंची वस्ती नसते, म्हणून नायट्रेटवर भर दिला आहे. केवळ नायट्रेट दिल्यास मुळांभोवतीचा सामू (पीएच) हळूहळू वर सरकतो. त्यासाठी महिन्यातून एका आठवड्याला या मिश्रणाऐवजी १९:१९:१९ लिटरला अर्धा ग्रॅम द्यायचे आणि त्याच वेळी सूक्ष्म अन्नद्रव्यांची अगदी हलकी मात्रा घालायची, असे ठरले.

२३ मार्च २०२५

फॅलेनॉप्सिसच्या कुंड्या बदलण्यासाठी नारळाचे सोडण तोडून तुकडे केले. कोकणातून आलेल्या सोडणात, विशेषतः समुद्रकाठच्या बागांतल्या, सोडियम आणि पालाश भरपूर असतात आणि ते तंतूंना चिकटून राहतात. अशा तुकड्यांत झाड लावले की आपण दिलेले कॅल्शियम आधी त्या तंतूंवर जाऊन बसते आणि त्याच्या बदल्यात सोडियम मुळांपाशी सुटते. म्हणून तुकडे आधी साध्या पाण्यात दोन-तीनदा धुतले, मग कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात रात्रभर भिजवून पुन्हा स्वच्छ धुतले. पहिले पाणी चहासारखे गडद निघाले. ते ऑर्किडजवळच्या कोणत्याही कुंडीत टाकले नाही.

३० मार्च २०२५, गुढीपाडवा

शेजारच्या इमारतीतून एक व्हँडा उपचारासाठी आली आहे. पाने हिरवीगार आहेत, मुळेही भरपूर आहेत, पण हिरवी किंवा तांबूस टोके असायला हवीत तिथे प्रत्येक मूळ काळे पडून थांबले आहे. तिला दर आठवड्याला दाट खत मिळत होते असे समजले. मुळाची वाढ फक्त टोकाशी होते आणि तिथेच पेशी सर्वांत नाजूक असतात. बाहेरच्या पाण्यात क्षार जास्त झाले की मुळातलेच पाणी बाहेर ओढले जाते आणि टोक जळते. पाने हिरवी असल्यामुळे घरच्यांना झाड सुदृढ वाटत राहते. ऑर्किडचे आरोग्य मुळांच्या टोकांवरून वाचावे, पानांची बातमी उशिरा येते. तिला सध्या महिनाभर फक्त साधे पाणी द्यायचे आहे. जुन्या मुळांच्या मधून नव्या फांद्या फुटतात का ते पाहायचे.

२० एप्रिल २०२५

आज मुळांविषयी सविस्तर लिहायचे आहे, कारण खताची वेळ आणि पद्धत त्यांवरच ठरते.

झाडांवर वाढणाऱ्या ऑर्किडच्या मुळाभोवती वेलामेन नावाचे मृत पेशींचे पांढरट आवरण असते. कोरडे असताना ते चंदेरी दिसते. पाणी लागताच ते काही क्षणांत भिजते, त्यातून आतला हिरवा रंग दिसू लागतो, आणि मग ते पाणी आतल्या जिवंत पेशींना सावकाश मिळत राहते. फ्रिट्स वेंट या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९४० मध्ये अशी कल्पना मांडली की पावसाच्या सुरुवातीचे जे पाणी पानांवरून व सालीवरून धूळ, पक्ष्यांची विष्ठा आणि कुजलेल्या पानांचे क्षार घेऊन खाली येते, तेच झाडावरच्या ऑर्किडचे खरे अन्न असते, आणि वेलामेन ते पहिले पाणी पकडून ठेवण्यासाठी असते. नंतरचा मुसळधार पाऊस जवळजवळ निव्वळ पाणीच असतो. येऊरच्या जंगलात वाढणाऱ्या ऑर्किडचा जीवनक्रम या कल्पनेशी चांगला जुळतो. ती जुन्या, खडबडीत सालीच्या झाडांवर, खोडावरून पाण्याचे ओघळ जिथे उतरतात तिथे पसरलेली असतात. हे सारे राष्ट्रीय उद्यानातले आहे, तिथले रोप काढून आणणे हा गुन्हा आहे, पण पाहून शिकायला कोणाची हरकत नाही.

२०१३ मध्ये गेऱ्हार्ड झोट्झ आणि उवे विंकलर यांनी ही कल्पना प्रयोगाने तपासली. त्यांना असे आढळले की वेलामेन द्रावण काही सेकंदांत शोषते, ते सुकायला मात्र कित्येक तास लागतात, आणि भारित कण, मग भार धन असो वा ऋण, त्याच्या भिंतींना धरून राहतात, तर भार नसलेले कण बाहेरच्या पाण्यात परत निघून जातात. पालाश, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम हे धन भाराचे आहेत, नायट्रेट ऋण भाराचे आहे, युरियाला मात्र भार नसतो. घरच्या खतपाण्याच्या दृष्टीने यातून माझ्या मते दोन गोष्टी निघतात. युरिया असलेले खत दिल्यावर लगेच साध्या पाण्याने मुळे धुतली तर युरिया धुऊन जाईल, म्हणून धुण्याचे काम खताच्या आधीच्या दिवशी किंवा काही दिवसांनी करावे. दुसरे असे की खताचे पाणी सौम्य असेल तर ते कोरड्या, चंदेरी मुळांवर देणे फायद्याचे आहे, कारण आधीच पाण्याने भरलेल्या वेलामेनमध्ये नव्या पाण्याला जागा नसते.

प्रचलित सल्ला याच्या उलट आहे. आधी मुळे भिजवावीत आणि मग खत द्यावे असे सांगितले जाते. तो सल्ला दाट खताच्या काळातला आहे आणि दाट खताच्या बाबतीत तो योग्यच आहे, कारण कोरड्या मुळांवर दाट द्रावण पडले तर टोके जळणारच. प्रमाण सौम्य ठेवले की त्याची गरज उरत नाही. सारख्या वयाच्या दोन व्हँडा निवडून एकीला आधी भिजवून आणि दुसरीला कोरड्या मुळांवर हेच मिश्रण देणे सुरू केले आहे. दोन झाडांवरून नियम बांधता येत नाही, पण टोके जळतात की नाही एवढे तरी कळेल.

पानांवर खत फवारण्याचा फारसा उपयोग नाही. फॅलेनॉप्सिस, व्हँडा आणि जाड पानांची डेंड्रोबियम दिवसा पर्णरंध्रे मिटून ठेवतात आणि रात्री उघडतात, शिवाय त्यांच्या पानांवर मेणाचा जाड थर असतो. फवारणी करायचीच तर ती मुळांवर करावी.

११ मे २०२५

पाणीकपातीमुळे सोसायटीत टँकर येत आहेत. टाकीतल्या पाण्याचा आकडा ६५० वर गेला आहे आणि नळाच्या तोटीवर पांढरा थर दिसतो, त्यावरून हे बोअरचे, कठीण पाणी आहे हे उघड आहे. आमच्या मिश्रणाचे ५०० त्यात मिळवले तर मुळांना सोसणार नाही. उन्हाळ्यात झाड पाणी जास्त पिते आणि क्षार मागे राहतात, त्यामुळे हा काळ सर्वांत धोक्याचा आहे.

मिशिगन स्टेट विद्यापीठात ऑर्किडसाठी जे खत तयार झाले त्याची दोन रूपे आहेत, ही गोष्ट येथे उपयोगी पडली. शुद्ध पाण्यासाठी १३-३-१५ असे एक मिश्रण असून त्यात ८ टक्के कॅल्शियम आणि २ टक्के मॅग्नेशियम घातलेले असते. विहिरीच्या पाण्यासाठीचे १९-४-२३ हे मिश्रण वेगळे आहे आणि त्यात कॅल्शियम फारसे नसते, कारण ते पाण्यातच असते. शिवाय कठीण पाण्यातील बायकार्बोनेट सामू वाढवते, त्याला उतारा म्हणून विहिरीच्या पाण्याच्या खतात अमोनियाच्या रूपातील नत्राचा वाटा जास्त ठेवलेला असतो. हाच विचार आपल्या टँकरला लागू होतो. टँकरच्या आठवड्यांत कॅल्शियम नायट्रेट पूर्ण थांबवले. शुद्धीकरण यंत्राचे गाळलेले पाणी आणि टँकरचे पाणी तीनास एक या प्रमाणात मिसळले आणि त्यात १९:१९:१९ लिटरला पाव ग्रॅम एवढेच दिले. मधल्या दिवशी फक्त गाळलेले पाणी कुंडीतून वाहून जाईल इतके देऊन साचलेले क्षार धुतले. कुंडीखालून निथळलेल्या पाण्याचा आकडा घातलेल्या पाण्यापेक्षा फार वर असेल तर क्षार साचत आहेत असे समजावे. या तपासणीला दोन मिनिटे लागतात आणि ती उन्हाळ्यात तरी सोडू नये.

२७ मे २०२५

यंदा मुंबई-ठाण्यात मोसमी पाऊस काल, २६ मे रोजीच आला. एरवी त्याची तारीख ११ जूनच्या सुमारास असते. गच्चीवर स्वच्छ पिंप लावून पहिल्या सरीनंतरचे पाणी धरले. मीटरवर आकडा दहाच्याही खाली आहे. टँकरच्या पाण्याने साचलेले जे काही होते ते या पावसाने धुऊन निघेल. व्हँडा आणि डेंड्रोबियम कठड्याच्या बाहेरच्या जाळीवर हलवली. फॅलेनॉप्सिस आतच ठेवली आहेत, कारण त्यांच्या मधल्या खोबणीत रात्रभर पाणी साचले की गाभा कुजतो.

१३ जुलै २०२५

ठाण्यात वर्षाला सुमारे २५०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक या चार महिन्यांत येतो. डेंड्रोबियमची नवी कांडी याच काळात उभी राहते आणि व्हँडाची मुळेही याच काळात सर्वांत वेगाने वाढतात. भूक मोठी आणि पाणी मात्र निव्वळ, अशी ही स्थिती असते. पावसाळ्यात खत बंद करावे असे अनेक जण सांगतात. माझा अनुभव याला दुजोरा देत नाही. खत बंद ठेवल्यास नवी कांडी बारीक राहते आणि दसऱ्यानंतरची फुले त्या कांडीच्या जाडीवर अवलंबून असतात.

अडचण फक्त वेळेची आहे. मुळे दिवसचे दिवस भिजलेली असताना दिलेले खत वाहून जाते. त्यामुळे वार ठरवून खत देणे सोडले आणि उघडीप पाहून देणे सुरू केले. पाऊस थांबून मुळे पुन्हा चंदेरी दिसू लागली की त्याच सकाळी बादली करायची. प्रमाण तेच ठेवले आहे, मात्र १९:१९:१९ चा आठवडा वगळला आहे. ढगाळ हवेत ऊन कमी असते. अशा वेळी अमोनिया आणि युरियाच्या रूपातील नत्र वाढवले तर पाने गडद, लुसलुशीत आणि मऊ होतात, आणि त्या मऊ पानांत काळी कूज लवकर शिरते. सतत पाऊस असला तर दोन आठवडे खत दिले नाही तरी चालते, त्याची भरपाई म्हणून पुढच्या वेळी दुप्पट मात्रा मात्र कधीही देऊ नये.

उपचारासाठी आलेल्या व्हँडाच्या जुन्या मुळांना बाजूने हिरवी टोके फुटली आहेत. तिला अर्ध्या मात्रेने खत सुरू केले.

१० ऑगस्ट २०२५

तिसऱ्या मजल्यावरील काकू त्यांच्या डेंड्रोबियमला तांदळाचे धुवण घालतात आणि त्यांच्याकडे फुले येतात हे खरे आहे. त्यांनी आज विचारले की तुम्ही हे सगळे वजन करून का घालता, धुवणात काय कमी आहे? प्रश्न योग्य आहे. धुवणात थोडा पिष्ट पदार्थ, थोडा पालाश आणि थोडा स्फुरद असतो, नत्र फारच कमी असते. काकूंच्या खिडकीत चार तास स्वच्छ ऊन येते, त्यांची झाडे जुनी आणि भरगच्च आहेत, आणि मुळे टोपलीबाहेर मोकळी लोंबत असल्यामुळे धुवण साचत नाही. त्यांच्या फुलांचे श्रेय मी या उन्हाला आणि मोकळ्या मुळांना देईन. तेच धुवण बंद कुंडीतल्या सोडणात रोज घातले तर ते आंबते, चिलटे होतात आणि सोडण लवकर कुजते. काकूंना मी धुवण बंद करायला सांगितले नाही. त्यात भर म्हणून आठवड्याला आमच्या बादलीतले दोन तांबे पाणी घालून पाहा, एवढेच म्हटले, आणि त्या तयार झाल्या.

केळीच्या सालीच्या पाण्यात पालाश उतरतो, नत्र जवळजवळ नसते. अंड्याचे कवच साध्या पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे त्यातून कॅल्शियम मिळण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. पेंडीचे पाणी जमिनीतल्या झाडांना उत्तम असते, पण बाल्कनीत, शेजाऱ्यांच्या खिडक्यांजवळ, त्याचा वास हाही विचारात घ्यावा लागतो.

१४ सप्टेंबर २०२५

कमतरतेच्या खुणांची एक नोंद करून ठेवतो. नत्र आणि मॅग्नेशियम झाडात जुन्या पानांकडून नव्या पानांकडे हलू शकतात, म्हणून त्यांची टंचाई खालच्या, जुन्या पानांच्या पिवळेपणातून दिसते. कॅल्शियम एकदा पानात बसले की हलत नाही, त्यामुळे त्याची टंचाई सर्वांत नव्या पानाच्या टोकाशी काळ्या डागाच्या रूपाने येते, आणि ती बुरशी समजून लोक औषध फवारतात. गेल्या वर्षी मे महिन्यात आमच्या एका व्हँडावर असा डाग आला होता, तेव्हा केवळ १९:१९:१९ दिले जात होते आणि त्यात कॅल्शियम अजिबात नसते. या वर्षीच्या नव्या पानांवर तसा डाग नाही. फॅलेनॉप्सिसचे एक सर्वांत खालचे पान पिवळे पडले आहे, पण एक जुने पान दरवर्षी गळणे हा त्याचा स्वभाव आहे, त्यासाठी मात्रा बदलायची नाही.

एप्रिलमध्ये निवडलेल्या दोन्ही व्हँडांची टोके हिरवी आहेत. कोरड्या मुळांवर खत दिलेल्या झाडाचे एकही टोक जळलेले नाही, आणि त्याच्या मुळांना फांद्या अधिक फुटल्या आहेत. दोन्ही झाडांना यापुढे कोरड्या मुळांवरच खत देणार आहे.

२६ ऑक्टोबर २०२५

संकरित डेंड्रोबियमना फुलांचे दांडे आले आहेत. या वर्षीच्या कांड्या गेल्या वर्षीच्या कांड्यांपेक्षा जाड आहेत आणि दोन झाडांना एकाच कांडीवर दोन दांडे आहेत.

दिवाळीनंतर रोपवाटिकांत बारा-एकसष्ट हे जादा स्फुरदाचे खत विकत घेणाऱ्यांची गर्दी असते, कारण जादा स्फुरदाने फुले येतात असा समज पसरलेला आहे. जास्त स्फुरद दिल्याने ऑर्किडला फुलांचा दांडा येत नाही. फॅलेनॉप्सिसमध्ये तो रात्री थंड होऊ लागल्यावर सुटतो, संकरित डेंड्रोबियममध्ये कांडी पूर्ण भरल्यावर आणि पुरेसे ऊन मिळाल्यावर. फुले येण्याच्या काळातच हे खत दिले जात असल्यामुळे त्याला श्रेय मिळते. आम्ही वर्षभर एकच मिश्रण ठेवले आहे आणि आता थंडीत वाढ मंदावेल तशी त्याची मात्रा अर्धी करणार आहोत.

बार्बॅट्युलमची पाने पिवळी पडू लागली आहेत. सह्याद्रीतली ही जात पावसाळ्यात वाढते, पाऊस गेल्यावर पाने गाळते आणि पुढे बिनपानांच्या कांड्यांवर फुलते. तिचे खत आजपासून पूर्ण बंद केले. या काळात नत्र दिले तर कांडीवर फुलांच्या जागी नवी रोपटी फुटण्याची शक्यता असते. पाणीही आठवड्यातून एकदा, कांडी सुरकुतणार नाही इतकेच द्यायचे आहे.

१४ डिसेंबर २०२५

रात्री गारवा आला आहे आणि फॅलेनॉप्सिसच्या पानांच्या बगलेतून दांड्यांची टोके दिसू लागली आहेत. ती मुळाची आहेत की दांड्याची, हे आता ओळखता येते. मुळाचे टोक गोल आणि चकचकीत असते, दांड्याचे टोक चपटे असून त्यावर खवल्यासारखी घडी असते. फुले यायला अजून तीन महिने लागतील. तोपर्यंत अर्धी मात्रा चालू राहील, म्हणजे वीस लिटरला कॅल्शियम नायट्रेट ४ ग्रॅम आणि बाकीचे त्याच प्रमाणात निम्मे.

सरांशी बोलून पुढच्या वर्षीसाठी दोन बदल ठरवले आहेत. टँकर सुरू होण्याआधीच, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापासून मीटरची तपासणी रोज करायची, आणि पाण्याचा आकडा २०० च्या वर गेला की त्याच दिवशी टँकरच्या पाण्याचे मिश्रण लागू करायचे. काकूंच्या झाडांसाठी वेगळी पाच लिटरची बादली ठेवायची असून तिच्यासाठी लागणारे क्षार वजन करून लहान पुड्यांत बांधून द्यायचे आहेत, कॅल्शियम नायट्रेटची पुडी मात्र वेगळी आणि घट्ट बंद असेल. बार्बॅट्युलमला फुले गळून नवा कोंब निघाल्यावरही लगेच खत नाही. त्या कोंबाची स्वतःची मुळे दोन बोटे लांब झाली की पाव मात्रेने सुरुवात करायची आहे.